मोडक्यातोडक्याचे मैदान

गल्लीत बांधकामासाठी वाळूचा ढीग येऊन पडला, की चार पावलांवरच्या बागेतली घसरगुंडी ओस पडते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. मुले वाळूत बोगदे खणतात आणि मुकादमाच्या शिव्या खातात. मोठ्यांना यात मुलांचा द्वाडपणा तेवढा दिसतो. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सेन यांना मात्र त्यात आपल्याच आखणीतली उणीव दिसली. आपण रेखून दिलेल्या क्रीडांगणापेक्षा मुले बांधकामाच्या जागेत अधिक रमतात, हे पाहून त्यांनी १९३१ साली सुचविले, की त्यांना सरळ टाकाऊ सामानाचे मैदानच द्यावे.

ही सूचना अमलात यावयास बारा वर्षे लागली. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एम्द्रुप येथे कामगारांच्या सहकारी वसाहतीत असे पहिले मैदान उघडले. मांडणी म्हणावी तर अगदी थोडी. भोवती मातीचा बांध, म्हणजे आतला पसारा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलू नये. आत फळ्या, विटा, फावडी, हातोडे. मुलांनी खणावे, घर उभारावे, मनास न आले तर पाडून पुन्हा बांधावे.

पण सामान आणून टाकले म्हणजे मैदान झाले, असे कोणी समजेल तर तो फसेल. जॉन बर्टेलसेन हे तिथले पहिले देखरेखप्रमुख. मुलांना शिकविणे हे आपले काम नव्हेच, बेत त्यांचा, आपण हाताशी असावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. खिळा वाकडा जात असता हात मागे बांधून उभे राहणे किती कठीण, हे कोणाही बापाला विचारावे!

१९४६ साली लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी एम्द्रुप पाहिले आणि लंडनमधील बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागा अशाच वापरात आणण्याची खटपट आरंभिली.

आमच्या गरीब वस्त्यांतून हे करावयाचे तर अडचण सामानाची नाही. भंगार हवे तेवढे आहे. पैसा मंजूर होतो तो लोखंडी झोपाळ्यांसाठी, माणसाचा पगार कोणत्याच रकान्यात बसत नाही. आम्ही तर म्हणू, झोपाळे दोन कमी घ्यावेत आणि त्याच वस्तीतला एखादा हातगुणाचा माणूस नेमावा. मुले घरी परतल्यावर त्याने मैदानात फेरी मारावी, गंजके खिळे उपसावेत, काचा व सिमेंटचे पत्रे बाहेर काढावेत, खोल गेलेला खड्डा बुजवावा. मुलांनी बांधलेले घर मात्र, कितीही कलले असले तरी, त्यांना विचारल्यावाचून पाडू नये.