भिंतीची बाहेरची बाजू

सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागात सात वाटा जेथे एकमेकींना मिळतात, त्या चौकाला गावाने अनेकवचनाची गरज न मानता ‘सात रस्ता’ असेच नाव दिले आहे. १९५३ साली स्थापन झालेले संगमेश्वर महाविद्यालय याच चौकात असल्याने विद्यार्थी, रिक्षा आणि चहाच्या टपऱ्या यांनी तो एरवी दिवसभर भरलेला असतो. कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी, म्हणजे अत्यावश्यक सेवा वगळता सर्व व्यवहार आणि प्रवास थांबवणारी सरकारी बंदी, लागू झाली आणि या चौकाची सातही तोंडे एकदम मिटली. रस्ते बंद झाल्यावर माणसाजवळ उरते ते घर. ते घर माणसाला कितपत सांभाळू शकते, हा प्रश्न त्या दिवसापासून सोलापूरकरांपुढे उभा राहिला.

महाराष्ट्राच्या आठवणीतील साथ मात्र याच्या नेमकी उलट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला, तेव्हा घरात उंदीर मरून पडला की कुटुंब घराला कुलूप लावून गावाबाहेर रानात झोपडी बांधून राहायला जात असे, कारण धोका घरात होता आणि मोकळ्या हवेत सुटका होती. कोरोनाने ही दिशा फिरवली. प्लेगच्या काळात, १८९७ साली झालेला साथरोग कायदाच २०२० मध्येही वापरला गेला, परंतु या वेळी माणसांना घराबाहेर काढायचे नव्हते, घरात थांबवायचे होते. तेव्हा सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘क्वारंटाईन’ या शब्दाचे मूळ इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दात आहे. व्हेनिससारख्या बंदरांत साथीच्या काळी आलेल्या जहाजांना तितके दिवस किनाऱ्यापासून दूर थांबवले जाई. जहाजावरील माणसाला निदान दिवस मोजता येत होते, तर टाळेबंदीची मुदत वारंवार वाढत गेल्याने घरातील माणसाचा हिशेबच चुकत गेला.

हा हिशेब चुकणे साधी गोष्ट नाही. मानवी शरीरात सुमारे २४ तासांची एक अंतर्गत लय असते, तिला जैविक घड्याळ म्हणतात. झोप, भूक, शरीराचे तापमान आणि मनाची उभारी या लयीवर चालतात, आणि हे घड्याळ रोज जुळवण्याचे काम मुख्यतः सकाळचा उजेड, व त्याच्या जोडीला जेवणाच्या आणि कामाच्या ठरलेल्या वेळा करतात. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कामावर जाण्याची, शाळेच्या घंटेची आणि बाजाराची वेळ एकाच वेळी नाहीशी झाली की रात्री झोप येत नाही, दिवसा अंग जड होते आणि माणूस विनाकारण चिडतो; याला स्वभावदोष मानणे अन्यायाचे आहे. दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ मालिका सकाळी ९ आणि रात्री ९ वाजता पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तिचा घराघरांत झालेला उपयोग भक्तीपुरता किंवा करमणुकीपुरता नव्हता, कारण दिवसाला दोन खुंट्या मिळाल्या आणि त्यांच्या आधाराने आंघोळ, जेवण, अंथरूण यांच्या वेळा पुन्हा बसल्या. सोलापुरात आणखी एक खुंटी जुनीच होती. येथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे पिंप, हंडे, कळश्या घासून ठेवणे, पाणी येण्याच्या वेळेला जागे राहणे आणि शेवटची बादली भरेपर्यंत घरातल्या प्रत्येकाने हात लावणे हा गैरसोयीतून जन्मलेला नेम टाळेबंदीतही चुकला नाही. ‘नेम’ हा मराठी शब्द येथे फार उपयोगी आहे, कारण त्यात वेळापत्रकाचा काटेकोरपणा आहे आणि मनाने स्वीकारलेले बंधनही आहे. त्या वर्षीच्या १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी मानाच्या पालख्यांतील पादुका पायी न येता एसटी बसने याच जिल्ह्यातील पंढरपुरास आल्या आणि लाखो वारकऱ्यांना घरीच थांबावे लागले, तेव्हा वाट चालणे बंद झाले, तरी घरच्या देवापुढे हरिपाठ म्हणण्याचा नेम हाती राहिला.

घरातून काम करणे ही कल्पना त्या वर्षी शहरी नोकरदारांना नवी वाटली, पण सोलापूरच्या पूर्व भागाला ती मुळीच नवी नव्हती. मूळच्या तेलंगणातून आलेल्या आणि घरात आजही तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या या वस्त्यांत अनेक ठिकाणी राहत्या घरालगतच यंत्रमाग असतो, कांड्या भरण्याचे काम घरात चालते, आणि हजारो स्त्रिया उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळतात. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या मापाने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू घालून गुंडाळी करायची, टोके दुमडायची आणि दोऱ्याने बांधायची, अशी ही कृती हजार विड्या पूर्ण होईपर्यंत चालते, कारण मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते. या कामात आरोग्याचा धोका आहे आणि मोबदला अपुरा आहे, हे स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे. तरीही त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. विडी वळणारी बाई घरात बसलेली असली तरी एकटी नसते, कारण तयार माल कारखान्यात देऊन पाने व तंबाखू आणण्यासाठी तिचे बाहेर जाणे होते, आणि उंबऱ्यावर बसल्याने शेजारणीशी बोलणे चालू राहते. टाळेबंदीत माग थांबले, विडी कारखान्यांची दारे लागली आणि घर व जग यांच्यातील हाच धागा तुटला. पत्र्याच्या छताखाली, एप्रिल-मेच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात, एकदोन खोल्यांत पाचसहा माणसांनी दिवस काढायचे असतील, तर त्यांना छंद जोपासण्याचा सल्ला देणे पुरेसे नाही. मनाचा समतोल हा मजुरी, जागा आणि हवा यांच्यावरही अवलंबून असतो.

याच भागातील नीलमनगरात सर्जनशीलतेचे एक असे उदाहरण घडले की ते देशभराच्या वृत्तपत्रांत गेले. शाळा बंद झाल्यावर शिक्षण मोबाइलवर आले, परंतु येथील बहुसंख्य पालक कापड उद्योगात मजुरी करणारे. अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता आणि असला तरी इंटरनेटचा खर्च झेपणारा नव्हता. आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी यावर उपाय म्हणून वस्तीतील सुमारे अडीचशे ते तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकांतील धडे रंगवून घेतले. अक्षरे, अंक, व्याकरणाचे नियम, गणिताची सूत्रे, सामान्य ज्ञान असा मजकूर गल्लीगल्लीत उभा राहिला आणि मुले एकमेकांपासून अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहून तो वाचू लागली. भिंत ही वस्तू त्या महिन्यांत माणसाला कोंडणारी ठरली होती. शिक्षकांनी तिची दुसरी, गल्लीकडची बाजू वापरात आणली. घरमालकाने आपली भिंत दिली म्हणजे त्याचे घर शाळेचा एक वर्ग झाले, आणि शेजारच्या घरापुढे उभे राहून धडा वाचणाऱ्या मुलाकडे आतल्या माणसांचे लक्ष आपोआप राहिले. सर्जनशीलता म्हणजे मोकळ्या वेळात केलेली कलाकुसर, एवढाच अर्थ घेतला तर ही गोष्ट निसटते. येथे एक अडचण होती, हाताशी चुना, रंग आणि भिंती होत्या, आणि त्यांचा नवा संबंध लावणारी बुद्धी होती.

त्याच वर्षी, ३ डिसेंबर २०२० रोजी, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येणारी चौकोनी ठिपक्यांची खूण, छापून तिच्याद्वारे चित्रफिती व ध्वनिफिती मुलांपर्यंत नेण्याचे त्यांचे काम साथीच्या बरेच आधीचे होते. १० लाख डॉलरच्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडला मोबाइल लागतो, नीलमनगरच्या भिंतीला काही लागत नाही; परंतु शाळेचे दार बंद असले तरी धडा मुलाच्या घरापर्यंत गेला पाहिजे, ही तळमळ दोन्हींत सारखीच आहे, आणि एकाच जिल्ह्यात ती दोन टोकांच्या साधनांनी व्यक्त व्हावी ही सोलापूरने अभिमान बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

राज्यातील शहरांत प्राथमिक वर्गांच्या शाळा उघडण्याचा निर्णय प्रत्यक्षात येण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. मार्च २०२० मध्ये पहिलीच्या बाकावर बसलेले मूल तोपर्यंत तिसरीत गेले होते. दुसरीचे संपूर्ण वर्ष त्याने वर्गात पाऊल टाकले नव्हते, आणि नीलमनगरातील मुलापुरते सांगायचे तर त्या वर्षाचा फळा शेजाऱ्याच्या खिडकीखाली होता.