शेतीसंरक्षणाची बंदूक: साफ कधी करायची?



भात पोटरीत आलं की वानर-डुकरांना पिटाळायला परवान्याची बंदूक बाहेर निघते. चार महिने बंद असलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. तसाच बार काढलात तर नळी फुटते, हात जातो. म्हणून आधी तपासा.

बारा बोअर असेल तर मोडून, काडतूस नाही याची खात्री करून मागच्या बाजूने नळीतला उजेड बघा. ठासणीची असेल तर केप काढा आणि गज तळापर्यंत जातो का ते पहा. अडला, तर आत बार भरलेला आहे असंच समजा. गरम पाणी, ठोकाठोकी काही नको, परवानाधारक दुरुस्तीवाल्याला विचारा.

बार काढला की साफसफाई त्याच दिवशी, एकच काढला असला तरी! काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, कोकणच्या हवेत रात्रीतून गंज धरतो. नुसतं तेल फिरवून भागत नाही. ठासणीची नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, चिकटतं. बारा बोअरला पाणी लागत नाही, ब्रश, फडकं आणि तेल पुरे.

वापरली नाही तरी पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने पुसा. कापडी म्यानात ठेवू नका, ओल धरते. निवडणुकीला जमा केलेली बंदूक परत मिळाली की हीच तपासणी पुन्हा. नळीला तडा दिसला तर गावच्या वेल्डरकडे नेऊ नका.