श्वास ऐकणारा पंप

इनहेलर, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘पंप’ म्हणतो तो, तोंडाला लावून श्वास ओढला की आवाज होतो. या आवाजावरून कळेल का, की औषध छातीत पोचलं की घशातच राहिलं?

अंदाज नक्की येतो! पण आधी औषधाचा प्रवास पाहा. डिस्कस नावाच्या चपट्या गोल इनहेलरमध्ये पावडरचे 60 डोस एका पट्टीत बंद असतात. खटका सरकवला की एक डोस उघडतो. श्वासनलिकांत खोलवर जाणारे औषधाचे कण जेमतेम 1 ते 5 मायक्रॉनचे. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. हे कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटून बसलेले असतात. त्यांना सुटं कोण करतं? आत ना मोटर, ना गॅस. ते काम रुग्णाच्या श्वासाचं! जोरात, खोल श्वास ओढला तर कण सुटून छातीत उतरतात. हळू ओढला तर बरंचसं औषध तोंडात आणि घशातच बसतं. ज्याला दोन जिने चढताना धाप लागते, त्या सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाच्या दमावरच सगळी मदार.

शिवाय डोस मोजणारा आकडा खटका सरकताच कमी होतो. पुढे श्वास ओढला, की उलट फुंकर मारून पावडर उडवली, हे त्याला कुठून कळणार?

इथे डब्लिनमधले डॉक्टर रिचर्ड कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी आले. त्यांनी ‘इन्का’ नावाचं छोटं उपकरण डिस्कसला चिकटवलं. आत एक मायक्रोफोन. इनहेलर उघडला की ध्वनिमुद्रण सुरू, मिटला की बंद, आणि प्रत्येक नोंदीवर तारीख-वेळ. कुकरच्या आवाजावरून आत वाफ किती धरली हे आपण बाहेरच्या खोलीतून ओळखतो ना, तसंच संगणक या आवाजातून खटका, फुंकर आणि श्वास वेगवेगळे ओळखतो. आवाजाच्या तीव्रतेवरून हवेचा वेगही काढता येतो!

मग काय ऐकू आलं? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्णालयातून घरी गेलेले सीओपीडीचे 244 रुग्ण होते. वेळेवर आणि नीट घेतलेलं औषध सरासरी फक्त 22.6 टक्के निघालं. 80 टक्क्यांच्या पुढे गेलेले रुग्ण अवघे 6 टक्के. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते: काही जण घड्याळ लावून औषध घेत होते, पण ओढणं चुकत होतं, काहींचं ओढणंही चुकत होतं आणि नेमही नव्हता. पहिल्याला कुणीतरी शेजारी बसून शिकवायला हवं, दुसऱ्याला त्याबरोबर आठवणही करून द्यायला हवी. हा फरक कळला नाही, तर ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटून डोस वाढत जातो.

असं उपकरण आपल्याकडच्या घराघरांत अजून आलेलं नाही. पण ऐकणारा कान डॉक्टरांकडेही आहे. घरात कुणी पंप वापरत असेल, तर पुढच्या तपासणीला तो बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोरच एक डोस घ्यायला सांगा.