पत्ता बदलला, शेजार टिकला

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली घरं वाहून गेली. पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत नव्याने संसार मांडावा लागला. पत्ते बदलले, पण काही जुने शेजारी तिथेही शेजारीच राहिले. माणूस आणि उंदीर यांच्या जनुकांचे पत्ते जुळवताना असंच चित्र समोर येतं.

दोघांचा समान पूर्वज सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे दोन्ही वंशांत गुणसूत्रं तुटली, भलत्या जागी जोडली गेली, काही तुकडे उलटे बसले. आज माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत, उंदराच्या पेशीत २०. पण तुकड्यांच्या आतला जनुकांचा क्रम बराचसा शाबूत राहिला. २००२ साली उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा असे ३४२ तुकडे मोजले गेले.

माणसाचं १७वं गुणसूत्र जवळजवळ अख्खं उंदराच्या ११व्यावर सापडतं. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ आणि पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारं पी-५३ ही दोन्ही जनुकं तिथेच आहेत.

पण सगळेच शेजार टिकले नाहीत. पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेल्या जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१५ मध्ये बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह दाखवून दिलं, की उंदरात पांढरी कातडी आणि गुलाबी डोळे हे गुण बरोबरीने वारशात येतात. दोन्ही जनुकं उंदराच्या ७व्या गुणसूत्रावर आहेत. माणसात मात्र एक ११व्यावर, तर दुसरं १५व्यावर!

पुण्यात गणेशखिंडीतल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आणि पाषाणच्या आयसरमध्ये उंदरांवर संशोधन चालतं. उंदरात एखादं जनुक निकामी करून माणसाचा आजार समजून घेणाऱ्या कुणालाही हे पत्ते जुळवून पाहावेच लागतात. डाउन सिंड्रोममध्ये माणसाचं २१वं गुणसूत्र एक जादा असतं. त्याच्या जोडीची जनुकं उंदरात १६व्या, १७व्या आणि १०व्या गुणसूत्रांवर विखुरली आहेत. त्यामुळे एकच गुणसूत्र वाढवून भागत नाही. या आजारासाठी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या टीएस-६५-डीएन या उंदरात १६व्याचा मोठा तुकडा जादा आहे, पण सोबत १७व्यावरची काही असंबद्ध जनुकंही आली आहेत. उंदरात दिसलेला दोष नेमका कुठल्या जनुकांमुळे, हे तिथे आधी वेगळं काढावं लागतं.