खुंट्यावरचा दुसरा हात

लोकगीताचा बाज धरून नवी गाणी रचणाऱ्यांबद्दल मराठीत वाद सुरू झाला, की तो बहुतेक वेळा वाद्यांवर येऊन अडतो. संबळाशेजारी गिटार चालेल का, तुणतुण्याच्या जागी की-बोर्ड आला तर गाण्यात माती उरेल का, असे प्रश्न विचारले जातात. मला हे प्रश्न दुय्यम वाटतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूकाठच्या नर्सीपासून गोदावरीकाठच्या गंगाखेडपर्यंतचा मुलूख नजरेसमोर ठेवला, तर इथल्या गाण्याचे मूळ वाद्यात नाही, जोडीने गाणाऱ्या माणसांत आहे. त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी कौतुक झालेली जोडी जात्यावर बसलेल्या दोन बायकांची.

जाते एकटीलाही ओढता येते, पण ज्वारीचे पायलीभर दळण असेल तर समोर दुसरी बाई लागते. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात, एक वैरण घालते आणि वरची तळी फिरत राहते. ओवीची लांबी, तिच्यातला हेल, मध्येच येणारे ‘बाई’ आणि ‘गं’ हे सगळे त्या फेऱ्याला धरून असते. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, घोळवायची आणि तिच्या मनात काही असेल तर पुढची ओवी स्वतःची घालायची. इथे साथीदार म्हणून कुणी बसलेले नसते, श्रोता म्हणूनही नाही. दोघीही कवी असतात. ही रीत किती जुनी, याचा पुरावा चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात सापडते.

जुनी म्हणून ती गोठलेली होती, असे मात्र मुळीच नाही. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना आणि ऐकताना लक्षात येते, की चाल आजीची असली तरी मजकूर गाणारीच्या स्वतःच्या दिवसांचा आहे. राम-सीता आहेत, माहेर आहे, भाऊ आहे. आणि त्याच चालीत बाबासाहेब आंबेडकरही आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी भीमरावांवर रचलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. शेकडो वर्षांच्या चालीत विसाव्या शतकाचा नायक बसवणे याला आजच्या भाषेत आधुनिक गीतलेखनच म्हणावे लागेल. त्यासाठी त्या बायकांनी कुणाची परवानगी मागितली नाही. परंपराच त्यांना तशी मुभा देत होती.

नामदेव आणि जनाबाई यांचे काम मला या पार्श्वभूमीवर नीट समजते. परंपरेने नामदेवांचा जन्म १२७० चा आणि गाव नर्सी मानले जाते; जनाबाई गंगाखेडची, नामदेवांच्या घरी वाढलेली आणि राबलेली. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावे परभणी या एकाच जिल्ह्यात होती. अभंग हा ओवीतूनच वाढला, असे छंदाचे अभ्यासक मानतात. पण नामदेवांनी तो कीर्तनात उभा केला तेव्हा त्याचा उपयोग बदलला. अभंगातले ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, ते टाळकऱ्यांनी उचलायचे असते. खुंट्यावर बसलेल्या दुसऱ्या बाईची जागा अख्ख्या मेळ्याला मिळाली. ही रचनेतली सुधारणा होती, आणि तिचा पल्ला पंजाबपर्यंत गेला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. जनाबाईकडे पाहिले तर गोष्ट आणखी थेट होते. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला त्यात गाण्याची गरजही दिसते. एकट्या दासीसमोर कुणी बसायला नव्हते, आणि ओवीला समोर कुणीतरी हवेच होते. म्हणून देव आला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. जात्याची गाणी कष्टातून आली. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईच्या खांद्यावरचे ओझे विसरून तिच्या ओवीचे गोडवे गाणे हा अन्याय आहे. पिठाच्या गिरणीने बायकांना रोजची झोप दिली, ती परत घ्यावी असे कुणीही म्हणू नये. पण त्या कष्टाची तक्रार सर्वांत स्पष्टपणे कुणी नोंदवली, तर ती ओवीनेच. सासुरवास, नवऱ्याचा मार, मुलीचा जन्म, हे घरात बोलता न येणारे विषय दोघींच्या गाण्यात बोलता येत होते, कारण समोर तेच भोगणारी दुसरी होती. गिरणी आली तेव्हा कष्ट गेले ते चांगलेच झाले. त्यांच्याबरोबर ती समोरची जागाही गेली, आणि तिची भरपाई कुणी केली नाही.

दुसरा आक्षेप कर्त्याचा. आजच्या गीतकाराला नाव हवे, मोबदला हवा; सगळ्यांचे गाणे म्हणजे कुणाचेच नाही, असे म्हटले जाते. नामदेव आणि जनाबाई दोघेही शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा घालतात. म्हणजे सही आणि सहभाग एका गाण्यात नांदू शकतात, याचे उदाहरण आपल्याकडे सातशे वर्षांपासून आहे. सहभाग हरवतो तो वेगळ्या कारणाने. फिनलंडमध्ये अठराव्या शतकातल्या नोंदींनुसार लोकगायक जोडीने गात, एक ओळ म्हणे आणि दुसरा ती उचले. १८३५ मध्ये एलियास ल्योनरोटने त्या गाण्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य बांधले, ते जगभर गेले. छापील पानावर मात्र त्या दुसऱ्या गायकाला जागा नव्हती.

आजच्या मराठी प्रयोगांना मी हीच कसोटी लावीन. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड बास आणि ड्रम्सवर अभंग गातो; ध्रुपदावर समोरची तरुण गर्दी आवाज मिळवते तेव्हा ते गाणे कीर्तनाच्या रीतीला धरूनच असते, वाद्ये कोणतीही असोत. शीतल साठे आणि सचिन माळी यांच्या ‘नवयान महाजलशा’त जलशाच्या बाजावर आजचे शब्द येतात, ते भीमनगरच्या बायकांनी केले त्याच जातीचे काम आहे. उलट चाल, पेहराव आणि डफ सगळे अस्सल असूनही प्रेक्षकाला केवळ टाळ्यांपुरते ठेवणारा कार्यक्रम मला मुळापासून तुटलेला वाटतो.

हिंगोली-वसमतचा हा पट्टा हळदीचा आहे. मराठवाड्यातल्या लग्नघरांत हळद दळायला अजूनही जाते पुसून मांडतात, सवाष्णी खुंट्याला हात लावतात आणि जुन्या चालीत नवऱ्या मुलाचे, मुलीचे नाव घालतात. इथल्या एखाद्या तरुण जोडीला नवी गाणी करायची असतील तर त्यांनी स्टुडिओआधी या ओसरीवर बसावे, आपली ओवी म्हणावी आणि समोरची बाई पुढची ओळ कोणती घालते ते ऐकावे.