भाड्याची गाडी ठरवताना आधी नंबरप्लेट पाहा
उर्स, लग्न किंवा सुट्टीत स्वस्त पडते म्हणून आपण ओळखीतल्या कुणाची तरी पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतो. खासगी गाडी अशी भाड्याने देणं बेकायदा आहे. अल्लाह न करो, अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. ड्रायव्हरसह मिळणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायच्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी.

किलोमीटर कुठून मोजणार, रोजचे किमान किती, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता कुणाकडे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. निघताना मीटर आणि जुन्या ओरखड्यांचे फोटो काढा. सूरह बकराची 282वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. ओळखीत लिहायला आपल्याला संकोच वाटतो, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात.