नकाशावरचे अंतर, आकाशातले अंतर

न्यूयॉर्क येथे वास्तव्यास असलेल्या कन्येकडे जाण्याचे ठरले, तेव्हा आमच्या सौ.ने पहिलाच प्रश्न विचारला, “एका दमात किती तास बसावे लागेल?” तिच्या पायांना सूज येते, थेट विमानाने जावे की वाटेत थांबावे, हे या उत्तरावरच ठरणार होते. आयुष्य बँकेच्या आकडेमोडीत गेलेले. मी तत्काळ पट्टी घेऊन भिंतीवरील जगाच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली. हिशेब चुकला तो तेथेच.

पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. माझ्याकडील नकाशा मर्केटरने १५६९ साली योजलेल्या पद्धतीचा होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशांना ती पद्धत सोयीची. परंतु तीवरील सरळ रेघ म्हणजे सर्वांत जवळची वाट नव्हे. त्या रेघेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात.

खरे अंतर मोजण्यास नातवाचा पृथ्वीगोल व एक दोरा पुरेसा झाला. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणून गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोन्ही शहरांमध्ये ताणून धरलेला दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. अंतर झाले सुमारे १२,५०० किलोमीटर. ताणलेला दोरा आपोआप जवळची वाट धरतो. ती मुंबईहून वायव्येस निघून अफगाणिस्तान, रशिया, आइसलँड व ग्रीनलंडचे दक्षिण टोक अशी वळते. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर नकाशावरील रेघेच्या तुलनेत जवळजवळ दोन तास वाचतात.

अर्थात, अंतरास वेगाने भागले की प्रवासाची वेळ मिळते, असे मात्र नाही. या भागाकाराने सुमारे चौदा तास येतात. प्रत्यक्षात अधिक लागतात. अमेरिकेकडे जाताना उंचावरील पश्चिमी वारे समोरून येतात. शिवाय एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना अशीच बंदी केली.

मग दोरा लंडनवरून नेऊन पाहिला. मुंबई-लंडन सतरा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर. लंडन-न्यूयॉर्क तेरा, म्हणजे सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५०. वाटेत उतरूनही अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरने वाढत होते! मधल्या थांब्याचे तास खर्ची पडणार होते खरे, पण सलग बैठक निम्म्याच्या जवळ येत होती.

आम्ही लंडनमार्गे तिकिटे काढली. ज्येष्ठांनी प्रवास ठरविताना एकूण किलोमीटरपेक्षा सर्वांत लांब सलग टप्पा किती तासांचा आहे, हे आधी विचारावे. आमच्या घरी तो प्रश्न सौ.ला पहिल्याच क्षणी सुचला होता. मला मात्र त्यासाठी दोरा लागला.